अतिदक्षतेनंतरचा श्वास : श्वसनस्नायूंची दुर्बलता आणि पुनर्वसनाचे अर्थकारण

(भिलाई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



आरोग्य अर्थशास्त्र हा विषय आपल्या अभ्यासक्रमात बहुधा टक्केवारीच्या रूपाने येतो. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ नुसार शासनाचा आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के व्हावयाचा होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हे आकडे आपणांस पाठ असतील, असावेतही. आज मात्र मी या सरासरी आकड्यांच्या आत शिरून एका स्नायूविषयी बोलणार आहे. मी वैद्यक क्षेत्रातील नाही. तरीही हा विषय घेतला, कारण सार्वजनिक पैसा कुठे पोहोचतो आणि कुठे थांबतो, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट दिसते, तितके मोठमोठ्या तक्त्यांतून दिसत नाही.

हा स्नायू म्हणजे श्वासपटल. छाती आणि पोट यांच्या मधला घुमटाच्या आकाराचा पातळ पडदा. तो आकुंचन पावून खाली सरकला की छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. शांतपणे बसलेल्या माणसाच्या श्वासाचे बहुतांश काम तो एकटा करतो. बरगड्यांमधील आणि मानेतील स्नायू गरजेनुसार मदतीला येतात. मिनिटाला चौदा श्वास धरले तर दिवसाला सुमारे वीस हजार वेळा त्याचे आकुंचन होते. हातापायांच्या स्नायूंना रात्री विश्रांती मिळते, श्वासपटलाला जन्मापासून मृत्यूपर्यंत ती ठाऊक नसते. आणि नेमकी हीच सक्तीची विश्रांती त्याला मिळते ती अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वसनयंत्र म्हणजे व्हेंटिलेटर लावल्यावर.

विश्रांतीचे मोल

या विश्रांतीचा परिणाम किती जलद होतो, हे २००८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दाखवून दिले. मेंदूमृत घोषित झालेल्या आणि अवयवदान करणाऱ्या १४ व्यक्तींच्या श्वासपटलाचे नमुने त्यांनी तपासले. या व्यक्तींचे श्वासपटल व्हेंटिलेटरवर १८ ते ६९ तास पूर्णतः निष्क्रिय होते. तुलनेसाठी घेतलेल्या, केवळ दोन-तीन तास यंत्रावर असलेल्या व्यक्तींपेक्षा त्यांच्या स्नायुतंतूंचे आकारमान निम्म्याहून अधिक घटलेले होते : संथ तंतूंचे ५७ टक्के, जलद तंतूंचे ५३ टक्के. तीन दिवसही झाले नव्हते. पायाला प्लास्टर घातले तर मांडी बारीक होते, हे आपण पाहतो; श्वासपटलाच्या बाबतीत ही झीज डोळ्यांना दिसत नाही आणि ती कितीतरी वेगाने होते.

निष्क्रियता हे एकच कारण नव्हे. रक्तातील जंतुसंसर्ग, स्टिरॉइड आणि स्नायू शिथिल करणारी औषधे, अपुरा प्रथिनयुक्त आहार, क्षारांचे असंतुलन ही सारी कारणे एकाच खाटेवर एकत्र येतात. उलट यंत्राचा आधार फारच कमी ठेवला तर दुर्बल स्नायूवर अतिरिक्त ताण येऊन त्यालाच इजा होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी धोका. पॅरिसमधील संशोधकांनी २०१७ मध्ये यंत्रापासून सुटका होण्याच्या टप्प्यावरील ७६ रुग्ण तपासले, तेव्हा ६३ टक्के रुग्णांचे श्वासपटल दुर्बल आढळले, तर हातापायांची दुर्बलता ३४ टक्क्यांत. हात उचलता येतो म्हणून श्वासही सुधारला असेल, असे गृहीत धरता येत नाही, हा त्याचा अर्थ.

अशा रुग्णाची लक्षणे साधी असतात, आणि म्हणूनच दुर्लक्षिली जातात. उताणे झोपले की धाप लागते. खोकला जोर धरत नाही, त्यामुळे कफ साचतो आणि पुन्हा न्यूमोनिया होतो. दोन वाक्ये सलग बोलता येत नाहीत. क्ष-किरण चित्र निर्दोष असते, बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ठीक असते, आणि घरचे म्हणतात, "आता काही झालेले नाही, मनाचा खेळ आहे." टोरांटो येथील एका सुप्रसिद्ध अभ्यासाने २००३ मध्ये या समजुतीला छेद दिला. तीव्र श्वसनविकारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा त्यांनी वर्षभर पाठपुरावा केला. त्यांचे मध्यक वय ४५, म्हणजे ऐन कमावते. सहा महिन्यांत त्यांच्या फुप्फुसांची क्षमता जवळजवळ पूर्ववत झाली. परंतु वर्षअखेरीस सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर अपेक्षेच्या ६६ टक्केच होते आणि सुमारे निम्मेच लोक कामावर परतले होते. अडचण प्रामुख्याने स्नायूंची होती. पाच वर्षांनंतरही ते अंतर ७६ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. अतिदक्षतेनंतर उरणाऱ्या शारीरिक, बौद्धिक व मानसिक दुर्बलतेला २०१२ पासून वैद्यकीय वाङ्मयात एक स्वतंत्र नाव मिळाले आहे. मराठीत त्यास 'अतिदक्षतोत्तर लक्षणसमूह' म्हणता येईल.

एकाच साथीची दोन अपत्ये

येथे थोडा इतिहास आवश्यक आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. श्वसनस्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत छिद्र करून रबरी पिशवीने हवा देण्याची पद्धत सुचविली. पिशवी दाबण्यासाठी यंत्रे नव्हती; म्हणून सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग या प्रसंगातून जन्मला.

त्याच सुमारास मुंबईतही पोलिओची साथ होती. तिच्यातून वाचलेल्या मुलांच्या पुनर्वसनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, देशातील पहिले विद्यालय १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. एकाच रोगाने जगाला दोन गोष्टी दिल्या : श्वास चालू ठेवणारे यंत्र आणि स्नायू परत कामाला लावणारी विद्या. पुढील सत्तर वर्षांत पहिलीत अपार भांडवल गुंतले, दुसरी रुग्णालयाच्या तळमजल्यावरील एका खोलीत राहिली. हा माझा अभिप्राय थोडा कठोर वाटेल, परंतु कोणत्याही जिल्हा रुग्णालयात जाऊन या दोन विभागांचे क्षेत्रफळ पाहावे.

भिलाईतील तीन दारे

आता आपल्या शहराकडे येऊ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखाना आकारास आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे हे ठळक प्रतीक. कारखान्याबरोबर नगर उभे राहिले, शाळा आल्या, सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र आले. विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे दोन-तीन पिढ्या नांदली आहेत, ती याच व्यवस्थेच्या आश्रयाने.

श्वासाशी या शहराचा संबंध दोन मार्गांनी येतो. एक औद्योगिक अपघातांचा : १२ जून २०१४ रोजी कारखान्यातील वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले, ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन वायूच्या वाहिनीजवळ लागलेल्या आगीत पहिल्याच दिवशी किमान नऊ कामगार मृत्युमुखी पडले. कर्बवायूची विषबाधा काय किंवा भाजलेली श्वासनलिका काय, गंभीर रुग्णाला यंत्राचा आधार घ्यावाच लागतो. दुसरा मार्ग महामारीचा. एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग जिल्हा देशातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत गणला गेला. ६ एप्रिलपासून येथे टाळेबंदी लागू करावी लागली. त्या आठवड्यांत खाट मिळणे हेच यश होते. खाटेवरून उठलेल्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारण्यास कुणाला उसंत नव्हती, ते समजण्यासारखे आहे. पण त्यानंतरही तो फारसा विचारला गेला नाही.

एकाच शहरात अतिदक्षता विभागातून बाहेर पडण्याची तीन दारे आहेत. कारखान्याचा नियमित कर्मचारी स्वतःच्या रुग्णालयात उपचार घेतो, रजा घेतो, पुन्हा तपासणीला त्याच ठिकाणी जातो. कंत्राटी कामगार विमाधारक असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेच्या आधारावर असतो. आणि रोजंदारीवरचा, हातगाडीवाला, घरकाम करणारी बाई ही आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या कार्डावर दाखल होते. दुर्बल श्वासपटल तिघांचेही सारखेच असते. ते सुधारण्यासाठी मिळणारा अवधी आणि पैसा मात्र तिघांचा भिन्न.

दुसऱ्या दाराचाच विचार करू, कारण परीक्षेच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपण लाभ वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. निश्चित यादीतील ३४ दीर्घकालीन आजारांसाठी तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. अतिदक्षतेनंतरची स्नायुदुर्बलता या नावाने त्या यादीत नाही. याउलट इजा कामावर झाली असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के दराने, अपंगत्व असेपर्यंत मिळतो. परिणाम असा की, दोन शेजारी कामगारांचे श्वासपटल सारखेच झिजलेले असताना, वायुगळतीत सापडलेल्यास तो बरा होईतो आधार आहे आणि न्यूमोनियाने यंत्रावर गेलेल्यास एक्क्याण्णवाव्या दिवशी फाटकापाशी उभे राहावे लागते. विमाशास्त्रात कारणानुसार भेद करणे सयुक्तिक असते, कारण मालकाची जबाबदारी वेगळी असते. परंतु बरे होण्यास लागणारा काळ कारणावर ठरत नाही.

यंत्राचा पैसा आणि माणसाचा पैसा

भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद आपण सर्व जाणता. एप्रिल २०२० मधील एका बहुचर्चित अंदाजानुसार देशात सुमारे ९५ हजार अतिदक्षता खाटा आणि ४८ हजार व्हेंटिलेटर होते. मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५० हजार देशी बनावटीच्या व्हेंटिलेटरांसाठी २ हजार कोटी रुपये देण्याचे जाहीर झाले. भागाकार केला तर यंत्रामागे सरासरी ४ लाख रुपये. त्या प्रसंगी हा निर्णय योग्यच होता. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये आरंभलेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात ६४ हजार १८० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि ६०२ जिल्ह्यांत अतिदक्षता रुग्णालय विभाग उभारण्याचे ठरले. पायाभूत सुविधा म्हणजे इमारत, खाटा, यंत्रे. ती मोजता येतात, त्यांचे उद्घाटन होते. रुग्णाला यंत्रापासून सोडविण्यासाठी दिवसातून दोनदा खाटेशी उभी राहणारी भौतिकोपचारतज्ज्ञ मात्र महसुली खर्चात मोडते; तिचे पद रिक्त राहिले तर कुठल्याच तक्त्यात भांडवलाची हानी म्हणून नोंद होत नाही.

जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली तेव्हाच्या दरपत्रकात सामान्य कक्षाचा दैनिक दर १,८०० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षतेचा ३,६०० आणि व्हेंटिलेटरसह ४,५०० रुपये होता. नंतर हे दर सुधारण्यात आले. दराची रचना मात्र लक्षात घ्यावी. दैनिक दराने पैसे मिळत असतील तर रुग्णाला एक दिवस आधी यंत्रावरून उतरविण्यात रुग्णालयाचा आर्थिक लाभ नसतो. एकरकमी संच-दर असेल तर लवकर घरी पाठविण्यात लाभ असतो. दोन्ही पद्धतींत रुग्ण पुढे तीन महिन्यांनी जिना चढू शकतो की नाही, याला मोल नाही. मी डॉक्टरांच्या हेतूंविषयी शंका घेत नाही; प्रोत्साहनाची दिशा काय आहे, एवढेच सांगत आहे. योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांच्या औषधांचा व तपासण्यांचा खर्च समाविष्ट आहे. ही तरतूद निश्चितच स्तुत्य. परंतु बाह्यरुग्ण उपचार योजनेच्या कक्षेबाहेर आहेत, आणि स्नायूंचे पुनर्वसन पंधरा दिवसांत आटोपत नाही.

मग उरलेला खर्च कोण सोसते? उत्तर घरात आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात घरातील व्यक्तींच्या विनामोबदला शुश्रूषेत सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देत असल्याचे दिसते. रुग्णाला उठवून बसविणे, पाठ थोपटून कफ काढणे, न्हाणीघरापर्यंत धरून नेणे, रात्री उशा रचून देणे ही कामे बहुधा पत्नी किंवा सून करते. तिची मजुरी बुडते, ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात 'श्रमबाजाराबाहेर' नोंदली जाते. खिशातून होणाऱ्या खर्चाची टक्केवारी खाली आली, हे खरे. पण पदरचे दिवस त्या टक्केवारीत धरलेले नसतात.

उपाय : लहान साधन, मोजलेला भार

या दुर्बलतेवर उपचार आहे आणि तो महागडा नाही. तत्त्व अगदी व्यायामशाळेतलेच. रुग्णाने एका छोट्या नळीतून श्वास आत ओढावयाचा. नळीतील झडप ठरावीक जोर लावल्याविना उघडत नाही. आधी रुग्णाची जास्तीत जास्त ओढण्याची शक्ती, म्हणजे कमाल अंतःश्वसन दाब, मोजायचा. त्याच्या काही टक्के, समजा निम्मा, भार ठेवायचा. पाच-सहा श्वासांचे संच करावयाचे, मध्ये विश्रांती द्यावयाची आणि ताकद वाढेल तसा भार वाढवीत जायचे. भिलाईकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. दीर्घ दुरुस्तीनंतर झोतभट्टी पुन्हा पेटविताना पहिल्याच पाळीला पूर्ण झोत देत नाहीत. तो टप्प्याटप्प्याने वाढवितात, आणि कोणत्या टप्प्यावर किती, हे नोंदवून ठेवतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. महामारीच्या काळात घरोघरी पोहोचलेले तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र आपण पाहिले असेल. ते दीर्घ श्वास घेण्याची आठवण करून देते, फुप्फुसाचे आक्रसलेले भाग उघडण्यास साहाय्य करते. पण त्यात मोजून वाढविता येणारा प्रतिरोध नसतो. ते उपयुक्त आहे, मात्र स्नायूचे बळ वाढविणारे प्रशिक्षण ते नव्हे. कपाटावर धूळ खात पडलेले तीन चेंडू ही आपल्या पुनर्वसन धोरणाची मला दिसणारी सर्वांत बोलकी वस्तू आहे.

पुरावा काय सांगतो? फ्लोरिडातील २०११ च्या प्रयोगात यंत्रापासून सुटू न शकणाऱ्या ६९ रुग्णांपैकी प्रशिक्षण दिलेल्या गटातील ७१ टक्के रुग्ण सुटू शकले, तर नाममात्र प्रशिक्षण दिलेल्या गटातील ४७ टक्के. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे २०१६ मध्ये सात वा अधिक दिवस यंत्रावर राहून सुटलेल्या ७० रुग्णांना दोन आठवडे प्रशिक्षण देऊन पाहिले. श्वसनस्नायूंची ताकद प्रशिक्षित गटात १७ टक्के वाढली, इतरांत ६ टक्के. जीवनमानही सुधारले, परंतु सहनशक्तीत फरक आढळला नाही. रुग्णाला लवकर उठविण्याबाबतचा पुरावा मात्र दुहेरी आहे. अमेरिकेत २००९ मध्ये १०४ रुग्णांवरील चाचणीत लवकर हालचाल करविलेल्या गटातील ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वावलंबी होते, दुसऱ्या गटातील ३५ टक्के. तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेहमीपेक्षा अधिक तीव्र हालचालीचा अतिरिक्त लाभ दिसला नाही, उलट प्रतिकूल घटना ९.२ टक्के विरुद्ध ४.१ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक झाल्या. यातून निष्कर्ष असा की, मात्रा महत्त्वाची आहे. 'जितके अधिक तितके बरे' हे सूत्र येथे लागू नाही; सीमांत उपयोगितेच्या ऱ्हासाचा नियम स्नायूंनाही लागू पडतो असे म्हणावयास हरकत नाही. आणि हे प्रयोग लहान आहेत, श्रीमंत देशांतील आहेत. त्यांच्या आधारे देशभर योजना घोषित करावी असे मी म्हणणार नाही. एखाद्या जिल्ह्यात मोजून प्रारंभ करावा, एवढे नक्की म्हणेन.

मनुष्यबळ कुठून येणार

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. भौतिकोपचारतज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने या व्यवसायाला प्रथमच केंद्रीय पातळीवर वैधानिक चौकट दिली. शिक्षणाचे प्रमाणीकरण व नोंदणी यांसाठी ते मोठे पाऊल आहे. परंतु कायद्याने पदे भरली जात नाहीत.

छत्तीसगडला या बाबतीत एक वारसा आहे, ज्याची चर्चा राज्याबाहेर पुरेशी होत नाही. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथे खाणकामगारांच्या संघटनेने स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील त्या चळवळीत कामगारांनाच आरोग्य कार्यकर्ते म्हणून प्रशिक्षित करण्यात आले. २००२ मध्ये राज्यात मितानिन कार्यक्रम सुरू झाला. 'मितानिन' म्हणजे छत्तीसगडीत जिवाची मैत्रीण. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' कार्यकर्तीच्या योजनेमागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. आज सुमारे ७० हजार मितानिन राज्यात आहेत. दाब मोजणे आणि भार ठरविणे हे तज्ज्ञाचे काम. परंतु ठरवून दिलेले संच रुग्ण रोज करतो का, त्याला उताणे झोपता येते का, कफाचा रंग बदलला का, हे पाहून कळविणे शिकविलेल्या मितानिनच्या आवाक्यातले आहे. अर्थात, तिच्यावर आधीच्या कामांचा बोजा आहे. मोबदला न वाढविता नवे काम सोपविले तर तो पुन्हा स्त्रियांच्या विनामोबदला श्रमाचाच विस्तार ठरेल, आणि मघाशी केलेली टीका मलाच लागू होईल.

खर्चाचा ढोबळ अंदाज घेऊ. सामान्य कक्ष आणि व्हेंटिलेटरची खाट यांतील २०१८ च्या दरांचा फरक दिवसाला २,७०० रुपये होता. प्रशिक्षणाने एखाद्या रुग्णाचे यंत्रावरील तीन दिवस वाचले असे केवळ गृहीत धरले, तर वाचणारी रक्कम ८,१०० रुपये. एवढ्यात काही आठवड्यांच्या गृहभेटींचा मोबदला बऱ्याच अंशी निघू शकतो. परंतु वाचलेला पैसा एका शीर्षाखाली जमा होतो आणि लागणारा पैसा दुसऱ्या शीर्षाखाली खर्ची पडतो. शासकीय अंदाजपत्रकात ही दोन शीर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण चांगल्या कल्पना बहुतेकदा याच ठिकाणी अडतात.

म्हणून माझ्या सूचना लहान आहेत. घरी पाठविताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर प्राणवायूच्या प्रमाणाशेजारी आणखी एक आकडा लिहिला जावा : कमाल अंतःश्वसन दाब. तो मोजण्याचे साधन हातात मावते. आकडा लिहिला गेला की तो पुढच्या भेटीत पुन्हा मोजावा लागेल, आणि 'मनाचा खेळ' हा युक्तिवाद संपेल. जन आरोग्य योजनेतील १५ दिवसांची मुदत, निदान सात दिवसांहून अधिक यंत्रावर राहिलेल्या रुग्णांपुरती, ९० दिवसांपर्यंत वाढवून तीत भौतिकोपचाराच्या भेटी स्पष्टपणे समाविष्ट कराव्यात. विमा योजनेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास ९१ दिवसांनंतर, दाबाच्या नोंदीच्या आधारे, टप्प्याटप्प्याने कामावर परतण्याची शिफारस करता यावी : आधी अर्धी पाळी, उष्णतेपासून व धुळीपासून दूर, मग पूर्ण. नियमित कर्मचाऱ्याला हलके काम मागण्याची किमान सोय असते. कंत्राटदाराकडे असे काम नसते आणि तो दुसरा माणूस लावतो. त्यासाठी कंत्राटाच्या अटींतच तरतूद हवी, आणि मुख्य नियोक्ता सार्वजनिक उपक्रम असेल तर ती करणे तुलनेने सोपे आहे. निविदेच्या मसुद्यात सुरक्षा साधनांचे कलम असतेच; त्याखाली हे एक कलम जोडावे लागेल.